पुढच्या जूनला पोरं परत यावीत म्हणून

खो-खोच्या मैदानावर पोरं आणणं आता पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात भारताच्या महिलांनी नेपाळला ७८-४० असं हरवलं, पुरुषांनी ५४-३६ असं. प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. ‘खो-खो खेळून काय मिळणार?’ असं विचारणारे पालकही आता पोराचा हात धरून मैदानावर यायला लागले आहेत. जूनमध्ये शाळा सुरू झाली की वहीत चाळीस नावं लागतात असं धरा. अडचण पुढे येते. गणपतीपर्यंत तिशी, सहामाहीनंतर वीस, आणि संघाची निवड झाली की संघात असलेले बारा आणि एखाद-दुसरा चिवट.

किशोर-किशोरी गटाच्या, म्हणजे चौदा वर्षांखालच्या मुलांच्या प्रशिक्षकाने आपलं काम करंडकांवर मोजू नये असं माझं मत आहे. या जूनला आलेल्यांपैकी किती जण पुढच्या जूनला आपल्या पायांनी परत आले, हे मोजावं. त्यातूनच पुढे कुमार गट उभा राहतो आणि करंडकही येतात.

हे साधायचं कसं? उत्तेजन म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो कडेला उभा राहून घसा फोडणारा प्रशिक्षक. पण पळतीत असलेल्या पोराला पाठीमागच्या आक्रमकाशिवाय काही दिसत नाही आणि कडेचं काही नीट ऐकूही येत नाही. त्याचा उत्साह त्या दिवशी ठरत नाही, आधीच्या सरावांत ठरलेला असतो. प्रत्येक पोराला मैदानावरून घरी जाताना दोन गोष्टी ठाऊक असाव्यात: काल येत नव्हतं ते आज थोडं आलं, आणि ते सरांनी किंवा मॅडमनी पाहिलं. खाली लिहिलं आहे ते सगळं या दोन गोष्टी रोजच्या सरावात कशा बसवायच्या याबद्दल.

पोरं येतात कशाला, जातात कशाने

पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या आणि विचारा, ‘तू खो-खोला का आलास?’ नाव लिहू नका म्हणावं. ‘माझा मित्र येतो’, ‘पळायला आवडतं’, ‘संघाचा टी-शर्ट मिळतो’, ‘सामन्याला बाहेरगावी जायला मिळतं’ अशी उत्तरं येतील. ‘जिंकायचंय’ हेही असेल, पण बहुधा सगळ्यांत वर नसेल. या चिठ्ठ्या जपून ठेवा. सरावाचं वेळापत्रक करताना त्या समोर असल्या की आपण पोरांसाठी सराव घेतोय की आपल्या हौसेसाठी, हे लक्षात राहतं.

सोडून जाणारं पोर सहसा खरं कारण सांगत नाही. ‘क्लास लागलाय’ हे सोयीचं उत्तर असतं. क्लास खराही असतो. पण ज्याला मैदान सोडवत नाही ते पोर क्लासची वेळ बदलून मागतं. बाकीच्यांच्या बाबतीत नीट चौकशी केली तर कारणं ठरलेली निघतात: खेळायला मिळत नाही, चुकलं की सगळे हसतात, सर ओरडतात.

या बाबतीत एक अभ्यास प्रत्येक प्रशिक्षकाला माहीत असावा असा आहे. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोनाल्ड स्मिथ आणि फ्रँक स्मॉल या मानसशास्त्रज्ञांनी लहान मुलांच्या बेसबॉल संघांच्या प्रशिक्षकांना एक छोटं प्रशिक्षण दिलं. चांगलं केलेलं पाहून लगेच सांगा, चूक झाली की आधी धीर द्या आणि मग दुरुस्ती सांगा, शिक्षा करू नका, एवढाच त्याचा गाभा. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसलं की, असं प्रशिक्षण न घेतलेल्यांच्या संघांतली २६ टक्के मुलं पुढच्या हंगामाला आलीच नाहीत. प्रशिक्षण घेतलेल्यांकडची फक्त ५ टक्के गळाली. दोन्हीकडच्या संघांच्या हार-जितीत मात्र फारसा फरक नव्हता. पोरं हरण्याने जात नाहीत, वागणुकीने जातात. याच संशोधकांच्या कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली. ज्या मुलांना स्वतःबद्दल कमीपणा वाटतो, त्यांच्यावर प्रशिक्षकाच्या वागण्याचा परिणाम सर्वांत जास्त होतो. जे पोर आपल्या नजरेत सहसा भरत नाही, त्यालाच आपल्या नजरेची सर्वांत जास्त गरज असते.

‘आमचे सर कधी शाबास म्हणायचे नाहीत’

प्रशिक्षकांच्या बैठकीत हे वाक्य हमखास येतं, आणि दाखला दिला जातो तो रमाकांत आचरेकर सरांचा. सरांनी आपल्याला कधी ‘वेल प्लेड’ म्हटलं नाही, असं सचिन तेंडुलकरने निवृत्तीच्या भाषणात सांगितलं हे खरं आहे. पण त्याच सचिनने हेही सांगितलंय की सर खूश असले की भेळपुरी-पाणीपुरी खायला घेऊन जात, आणि त्यावरून आपलं काहीतरी बरं झालंय हे कळे. सर त्याला स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर सामने खेळायला नेत. सरावाच्या शेवटी यष्टीवर रुपयाचं नाणं ठेवत. बाद केलं तर ते गोलंदाजाचं, नाही केलं तर सचिनचं.

शब्द नव्हते, पण लक्ष होतं, वेळ होता आणि पोराला कळेल अशी खूण होती. आपण त्यातलं न बोलणं तेवढं उचलतो आणि स्कूटर विसरतो. तुमचा स्वभाव अबोल असेल तर बळेच गोड बोलू नका, पोरांना ते लगेच कळतं. पण तुमची खूण कोणती, हे पोरांना ठाऊक असलं पाहिजे. आणि ती खूण संघातल्या तिघा-चौघांपुरती राखून ठेवलेली नसावी.

कौतुक करा, पण काय पाहिलं ते सांगा

‘शाब्बास’, ‘भारी’, ‘मस्त रे’ हे शब्द वाईट नाहीत, पण तासाभरात पन्नास वेळा उधळले की त्यांची किंमत राहत नाही. कौतुकात नेमकेपणा हवा. ‘छान खो दिलास’ यापेक्षा ‘हात पाठीला लागला आणि खो त्याच क्षणी आला, म्हणून पुढच्याला उठायला वेळ मिळाला’ असं सांगा. ‘मस्त पळालीस’ यापेक्षा ‘आक्रमकाचा खांदा वळेपर्यंत थांबलीस आणि मग हुलकावणी दिलीस, ते बरोबर होतं’ असं. अशा वाक्यात कौतुक आणि शिकवणं एकदमच होतं. पोराला पुन्हा काय करायचं हे कळतं, आणि सरांनी आपल्याकडे खरंच पाहिलं याचा पुरावा मिळतो.

उपजत गुणांचं कौतुक जपून करा. ‘ही तर जन्मजात खेळाडू आहे’ असं सगळ्यांसमोर म्हटलं की त्या पोरीच्या डोक्यावर ओझं चढतं. क्लॉडिया म्यूलर आणि कॅरोल ड्वेक यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांमध्ये हेच दिसलं होतं. ज्या मुलांच्या हुशारीचं कौतुक केलं, त्यांनी नंतर सोपी कामं निवडली आणि अपयश आल्यावर ती लवकर ढेपाळली. ज्यांच्या मेहनतीचं कौतुक झालं, त्यांनी अवघड काम मागून घेतलं. प्रयोग अभ्यासातल्या कोड्यांवरचा होता, पण मैदानावरही हाच अनुभव येतो. ‘जन्मजात’ म्हणून मिरवलेलं पोर पहिल्या मोठ्या स्पर्धेत लवकर बाद झालं की पुढच्या सामन्याला त्याचं पोट दुखायला लागतं.

याचा अर्थ नुसत्या घामाचं कौतुक करा असाही नाही. चुकीच्या पद्धतीने तासभर राबलेल्या पोराला ‘मेहनत केलीस’ म्हणून पाठवून देणं ही फसवणूक आहे. मेहनत कुठे लावायची, ते त्याला दाखवा.

खो-खोत आणखी एक खास गोष्ट लक्षात ठेवावी लागते. आक्रमणाच्या वेळी नऊ जण मैदानात असतात, त्यांतले आठ बसलेले. टाळ्या पडतात त्या गडी बाद करणाऱ्याला. पण तो गडी खांबाकडे ढकलला गेला तो बसलेल्यांनी वेळेवर खो घेतले म्हणून. म्हणून सराव थांबवून मधूनमधून विचारा, ‘हा गडी कुणी बाद केला?’ पोरं शेवटच्या आक्रमकाचं नाव घेतील. मग मागे जा: खो कुणी दिला, त्याच्या आधी कुणी, दिशा कुणी बदलायला लावली. चार नावं निघतील. बसून राहणं हाही खेळ आहे हे त्यातून पोरांना उमगतं. ज्याच्या वाट्याला त्या डावात एकही गडी आला नाही, तेही पोर ताठ मानेने उठतं.

चूक झाली त्या दहा सेकंदांत

पोर टिकणार की जाणार, हे बऱ्याचदा चुकीनंतरच्या दहा सेकंदांत ठरतं. एक नेहमीचा प्रसंग घ्या. पाचव्या चौकोनात बसलेला सातवीतला मुलगा खो मिळायच्या आधीच उठतो. पंचाची शिट्टी, फाऊल. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा झालं की कडेवरून आवाज येतो, ‘अरे, किती वेळा सांगायचं? डोकं घरी ठेवून येतोस का?’ बाकीचे हसतात. चौथ्या वेळी तो पोरगा खो मिळाल्यावरही क्षणभर थबकतो, कारण आता त्याचं लक्ष खेळात नाही, सरांच्या आवाजात आहे. मग त्याला उशीर होतो, आणि पुन्हा ओरडा बसतो.

यात बदल करायचा तो एवढाच. आधी ताण उतरवा: ‘असू दे, घाई सगळ्यांचीच होते.’ मग एकच गोष्ट सांगा, आणि ती ‘काय करू नको’ अशी न सांगता ‘काय कर’ अशी सांगा: ‘पाठीवर हात जाणवेपर्यंत दोन्ही हातांची बोटं जमिनीला टेकलेली ठेव.’ ‘लवकर उठू नकोस’ म्हटलं की डोक्यात ‘उठणं’च घोळतं, बोटं टेकवून ठेवायला सांगितली की हाताला काम मिळतं. आणि शेवटी, पुढच्या वेळी जमलं की लगेच सांगा. धीर, एक दुरुस्ती, आणि जमल्याची पावती. एका वेळी तीन दुरुस्त्या सांगितल्या तर पोर मान हलवतं आणि त्यातली एकही करत नाही.

काही चुका भीतीतून येतात. त्यांना धमकी किंवा आव्हान चालत नाही. खांबावर सूर मारायला कचरणाऱ्या पोराला ‘घाबरट’ म्हणून काही होत नाही; त्याला गेल्या आठवड्यात खरचटलेलं कोपर आठवत असतं. तिथे पायऱ्या पाडाव्या लागतात. आधी जमीन उकरून, पाणी मारून मऊ करा, किंवा गादी टाका. पहिल्यांदा गुडघ्यांवर बसून पुढे झेपावणं. मग उकिडवं बसून. मग तीन पावलं टाकून. मग संथ धावत. खांब सगळ्यांत शेवटी. एक पायरी सहज जमल्याशिवाय पुढची नाही, आणि पुढच्या पायरीवर कधी जायचं ते पोराने सांगायचं. महिनाभर लागला तरी चालेल. एकदा सूर जमला की त्या पोराला सराव चुकव म्हटलं तरी तो चुकवणार नाही.

ज्याची वही त्याच्यापाशी

प्रगती दिसली की उत्साह टिकतो, पण पोराला स्वतःची प्रगती आपोआप दिसत नाही. शेजारच्याची दिसते. म्हणून प्रत्येकाला एक छोटी वही ठेवायला लावा. दर पंधरा दिवसांनी त्यात तीन-चारच गोष्टी लिहायच्या: ३० मीटर धावण्याची वेळ, दहा मीटरच्या अंतरात सहा फेऱ्यांची वेळ, पळतीत किती सेकंद टिकला, आणि सरावाच्या डावात किती फाऊल झाले. मोबाईलमधलं स्टॉपवॉच पुरतं. किशोर गटात आक्रमणाची पाळी सात मिनिटांची असते. तिच्यात बारा सेकंद टिकणारी मुलगी महिन्याने पंचवीस सेकंद टिकली, तर वर्तमानपत्रात नाव येण्याइतकी ती वेळ नाही. पण तिच्यासाठी ती दुपटीहून जास्त आहे, आणि हे तिला तिच्याच अक्षरात दिसतं.

हे आकडे क्रमवारी लावून भिंतीवर चिकटवू नका. वरचे तिघे सुखावतात आणि खालचे दहा जण सराव चुकवायला लागतात.

वही वाचताना शरीराचं वय ध्यानात ठेवा. उंचीची झेप मुलींमध्ये साधारण बाराव्या, मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या आसपास येते, आणि त्यात दोन-दोन वर्षांचं मागेपुढे होतं. वर्षाला आठ-नऊ सेंटिमीटर उंची वाढत असताना पाय लांबतात, पण त्यांच्यावरचा ताबा मागे राहतो. कालपर्यंत सफाईने साखळी पळणारी मुलगी अचानक अडखळते, वेळा घसरतात. तो आळस नसतो. ‘तुझी उंची वाढतेय, दोन-तीन महिने असं होईल, मग परत जमेल’ हे एक वाक्य त्या वेळी फार मोठं काम करतं. गुडघ्याच्या वाटीखाली दुखत असेल तर उड्या आणि सूर कमी करा आणि डॉक्टरांना दाखवा. ‘खेळाडूने दुखणं सहन करायचं’ हे या वयात सांगू नये.

याच कारणाने निवडीत घाई नको. चौदा वर्षांखालच्या एकाच संघात लवकर वयात आलेला, मिशी फुटलेला मुलगा आणि त्याच्या खांद्याला लागणारा मुलगा शेजारी-शेजारी बसतात. पहिला आज जिंकून देईल. दुसरा तोपर्यंत टिकला, तर कुमार गटात तोही तुमचा उत्तम धावक असू शकतो. त्याला टिकवायचं तर सामन्यात खेळवावं लागतं. तालुक्याच्या अंतिम सामन्यात नाही जमणार, हे समजू शकतं. पण शेजारच्या शाळेशी मैत्रीचे सामने ठरवा आणि त्यात मागच्या फळीला पूर्ण डाव द्या. नुसतं पाणी देणारं आणि बॅगा सांभाळणारं पोर दुसऱ्या वर्षी येत नाही.

थोडं त्यांनाही ठरवू द्या

माणसाला एखादी गोष्ट मनापासून करावीशी वाटते ती तीन कारणांनी, असं एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अभ्यासकांनी मांडलं: आपल्याला हे जमतंय, इथली माणसं आपली आहेत, आणि यात आपलंही काही चालतं. पहिल्या दोन गोष्टी आपण कमी-अधिक देतो. तिसरी द्यायला प्रशिक्षकाचा हात आखडतो, शिस्त बिघडेल या भीतीने.

छोट्या गोष्टींपासून सुरुवात करा. सराव संपताना शेवटची दहा मिनिटं कोणता खेळ, हे पोरांनी ठरवायचं. पळतीच्या तीन-तीन जणांच्या तुकड्या पाडताना त्यांना विचारा, ‘आधी कोण जावं, आणि का?’ त्यांची कारणं ऐकून तुम्हाला तुमचाच संघ नव्याने कळेल. कर्णधारपद दर महिन्याला फिरवा. मैदान आखणं, चुना टाकणं, खांब तपासणं या कामांची पाळी पोरांनीच लावायची. गैरहजर राहिलं तर काय, सराव चालू असताना कुणी कुणाला हसलं तर काय, हे नियमही जूनमध्ये पोरांबरोबर बसून लिहा. स्वतः लिहिलेला नियम मोडताना पोर दहा वेळा विचार करतं.

पोट, पाणी आणि मुलींच्या अडचणी

पाच वाजता सरावाला आलेलं पोर मरगळलेलं दिसलं की आपण म्हणतो, याच्यात जिद्द नाही. त्याला आधी विचारा, शेवटचं काय खाल्लंस आणि कधी? शाळेतली दुपारची खिचडी, त्यानंतर काही नाही, असं उत्तर अनेकदा मिळेल. धाराशिवची सारिका काळे भारताची कर्णधार झाली, २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. दिवसातून एकदाच जेवण मिळायचं अशा दिवसांतून आपण गेलो, हे तिने स्वतः सांगितलं आहे. प्रत्येक पोरात असं तग धरण्याचं बळ असेल असं आपण धरून चालू नये. गूळ-शेंगदाणे, फुटाणे, केळी यांची सोय गावात कुणाला तरी सांगून होते. त्यासाठी भाषणापेक्षा चार फोन जास्त उपयोगी पडतात.

मुली सातवी-आठवीत गळतात, आणि आपण म्हणतो, घरच्यांनी थांबवलं. थांबवतातही. पण त्याआधी मुलीला मैदानावर अवघडायला झालेलं असतं. मैदानाजवळ स्वच्छतागृह आहे का? पाळीच्या दिवसांत ‘आज मी हलका सराव करते’ असं न लाजता सांगता येईल अशी एखादी मॅडम किंवा मोठी खेळाडू आहे का? हाफ पँटऐवजी ट्रॅक पँट चालेल, हे तुम्ही आपणहून सांगितलंय का? सराव अंधार पडण्याआधी संपतो का? या चारांची उत्तरं ‘हो’ असली की आईची समजूत काढणं सोपं जातं. सुरक्षेबाबत तर मुलगा असो वा मुलगी, नियम एकच: प्रशिक्षकाने एकट्या मुलाला बंद खोलीत बोलावू नये, प्रवासात बरोबर दुसरं जबाबदार माणूस असावं, आणि तक्रार कुणाकडे करायची हे प्रत्येक मुलाला ठाऊक असावं. असं मैदान असेल तर आईबाप पोराला बिनधास्त पाठवतात.

बक्षीस, मार्क आणि नोकरी

दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पालकांना हे जरूर सांगा, त्यांच्या काळजीवर ते खरं उत्तर आहे. पण अकरा वर्षांच्या पोराला रोज ‘मार्क मिळतील’ म्हणून पळवू नका. मार्क मिळाले की पळणं थांबेल, किंवा मिळणार नाहीत हे कळलं की आधीच थांबेल.

१९७३ साली अमेरिकेत मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बालवाडीतल्या, चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांवर एक प्रयोग केला. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढलंत तर फीत लावलेलं प्रमाणपत्र मिळेल. काहींना ते अचानक दिलं, काहींना दिलंच नाही. काही दिवसांनी पाहिलं, तर बक्षीस कबूल केलेली मुलं पूर्वीपेक्षा कमी चित्रं काढू लागली होती. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र शाबूत होती. मैदानावर याचा उपयोग सरळ आहे. ‘गडी बाद केलास तर चॉकलेट’ असा सौदा करू नका. सराव चांगला झाला त्या दिवशी न सांगता सगळ्यांना ऊसाचा रस पाजा.

फेऱ्या मारायची शिक्षा

उशीर झाला, मार पाच फेऱ्या. हरलात, काढा पन्नास उठाबशा. या सवयीमागे वाईट हेतू नसतो, आपणही त्यातूनच घडलेलो असतो. पण ज्या पोराला पळायची गोडी लावायची, त्यालाच पळणं शिक्षा म्हणून द्यायचं, हे उलटं आहे. शिवाय शाळेत शारीरिक शिक्षेला आणि मानसिक छळाला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे, आणि शाळेचं मैदान शाळेतच येतं.

शिस्त मग कशी लागेल? सराव ठरल्या वेळेला सुरू करा आणि पहिली दहा मिनिटं पोरांच्या आवडीचा खेळ ठेवा. उशिरा येणाऱ्याचा तो खेळ चुकतो, तेवढं पुरतं. सारखा उशीर होत असेल तर बाजूला घेऊन कारण विचारा. धाकट्या भावाला सांभाळून, पाणी भरून येणारं पोर उशिरा आलं, तरी ते आलं याची दखल घ्यायला हवी.

पालकांशी आधीच बोला

पालकांची बैठक जूनमध्ये घ्या, वाद झाल्यावर नाही. तीन गोष्टी स्पष्ट सांगा. एक, या वयात सगळ्यांना खेळायला मिळेल, म्हणून काही सामने आपण हरू. दोन, कडेवरून टाळ्या वाजवा, सूचना देऊ नका. पोराला दोन आवाज आले की ते दोन्ही ऐकत नाही. तीन, घरी जाताना ‘जिंकलास का?’ हे पहिलं विचारू नका. ‘आज मजा आली का? नवीन काय जमलं?’ हे विचारा. घरी त्या दिवशीचा सामना पुन्हा खेळायचा नाही, जेवायला वाढायचं.

सामन्याचा दिवस

सामन्याआधीचं भाषण दोन मिनिटांच्या वर नको. गावाची इज्जत, शाळेचं नाव, माझी वीस वर्षांची तपश्चर्या यांचं ओझं पोरांच्या पाठीवर ठेवू नका. प्रत्येकाला एकेक काम सांगा, त्याच्या हातातलं: ‘तू पहिले दोन खो मोठ्याने दे.’ ‘तू आक्रमकाचा खांदा बघ.’ ‘जिंकायचं’ हे काम नाही, कारण ते समोरच्या संघावरही अवलंबून असतं. दोन पाळ्यांच्या मधल्या वेळात आधी पाणी, मग श्वास, मग एकच सूचना.

हरल्यावर पहिली दहा मिनिटं काही बोलू नका. समोरच्या संघाशी हात मिळवू द्या, रडणाऱ्याला रडू द्या, पाणी द्या. ‘काही होत नाही रे’ असंही म्हणू नका, त्याला झालेलं असतं. कुणामुळे हरलो याची चर्चा बसमध्ये सुरू झाली तर ती तिथेच थांबवा. विश्लेषण पुढच्या सरावाला, आणि तेही पोरांकडून: काय जमलं, काय नाही, या आठवड्यात कशावर काम करायचं. जिंकल्यावरही हाच क्रम ठेवा. जिंकलं की लाड आणि हरलं की अबोला, असं असेल तर पोर तुमच्या चेहऱ्यासाठी खेळायला लागतं.

उद्यापासून एक काम

हे सगळं एकदम होणार नाही. त्यामुळे उद्याच्या सरावापासून एकच काम सुरू करा. हजेरीच्या वहीत आणखी एक रकाना आखा. सराव संपल्यावर पाच मिनिटं बसा आणि प्रत्येक नावापुढे आज त्याच्यात काय पाहिलं ते तीन-चार शब्दांत लिहा: ‘खो वेळेवर’, ‘डावीकडे वळायला घाबरते’, ‘आज गप्प होता’. काही नावांपुढे लिहायला काहीच सुचणार नाही. ती पोरं आज तुमच्या नजरेतून सुटली. त्यांच्या नावांभोवती गोल करा आणि दुसऱ्या दिवशी सरावाची सुरुवात त्यांच्यापासून करा: त्यांना पहिल्या तुकडीत पळवा, त्यांच्या मागे उभे राहा, एक तरी नेमकी गोष्ट त्यांना सांगा. आठवडाभराने गोल कमी झाले का पाहा. तेच नाव सलग तीन दिवस गोलात असेल, तर सराव संपल्यावर त्या पोराबरोबर कोपऱ्यापर्यंत चालत जा आणि कसं चाललंय ते विचारा.